‘जीपीएस कॅथेटर’वाल्या मेसेजबद्दल

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘जीपीएस कॅथेटर’ (कॅथेटर म्हणजे रक्तवाहिनीत सरकवायची बारीक नळी) आलं आहे. जांघेतून आत सोडलं की ते आपणहून महाधमनीतल्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीतल्या, फुगवट्यापाशी जातं आणि मिलिमीटरचीही चूक न करता ग्राफ्ट (फुगवट्याला आतून अस्तर देणारी कापडी नळी) बसवतं. एक्स-रे नको, डाय (रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडायचा द्रव) नको. साध्या कॅथेटरमध्ये एक चिप घातली की झालं. पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आता इतिहासजमा.

सगळंच खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण यात खरं तंत्रज्ञान आहे, फक्त त्याच्या तोंडी भलतीच आश्वासनं घातली आहेत.

आधी नाव. उपग्रहांचा इथे काडीचा संबंध नाही. टेबलाजवळचं यंत्र क्षीण, सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतं. कॅथेटरच्या टोकात अतिशय बारीक तारेचं वेटोळं असतं. त्यात उमटणाऱ्या नगण्य व्होल्टेजवरून टोक कुठे आहे आणि कुठल्या दिशेला रोखलंय हे संगणक काढतो. दुसरा मार्ग प्रकाशतंतूंचा. तंतू वाकला की त्यातून परतणारा प्रकाश बदलतो आणि अख्ख्या नळीचा आकार कळतो.

‘आपणहून जातं’? नाही. पायजम्याची नाडी नुसती मागून ढकलली तर गोळा होते, पुढे जात नाही. तसंच इथे. म्हणून आधी गाइडवायर, म्हणजे वाट दाखवणारी बारीक तार, आणि तिच्यावरून कॅथेटर. सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरने १९५३ साली मांडलेली ही रीत आजही चालू आहे. रोबोने हलवायची कॅथेटरंही बनली आहेत, पण त्यांची सूत्रं डॉक्टरच्याच हातात असतात.

‘मिलिमीटरचीही चूक नाही’ हा दावा मात्र नीट उलगडायला हवा. प्रयोगशाळेत, आजूबाजूला धातू नसताना, चुंबकीय मापन साधारण मिलिमीटरपर्यंत अचूक येतं, हे खरं. शस्त्रक्रियेच्या खोलीत एक्स-रे यंत्राचा मोठा धातूचा कमानीसारखा हात शेजारीच असतो आणि तो क्षेत्र वाकवतो. त्याहून मोठी अडचण नकाशाची. टोकाची जागा अचूक कळली तरी ती दाखवायची कशावर? बहुतेकदा काही दिवसांपूर्वी, श्वास रोखून काढलेल्या सीटी स्कॅनवर. टेबलावरचा पेशंट श्वास घेत असतो, त्याबरोबर मूत्रपिंडं वरखाली होतात आणि त्यांच्या धमन्याही हलतात. शिवाय ग्राफ्ट चढवायला घातलेली ताठ वायर वळणदार धमन्यांना चक्क सरळ करते. म्हणजे नकाशा एका शरीराचा आणि प्रवास जरा वेगळ्या शरीरात. यावर उपाय आहेत: अंगावर संदर्भासाठी वेगळा सेन्सर लावणं, टेबलावरच नवं स्कॅन घेऊन जुळवणी करणं. त्याने चूक घटते, शून्य होत नाही.

‘एक्स-रे नको’ ही समजूत बहुधा हृदयाच्या उपचारांतून आली असावी. तिथे ठोक्यांच्या बिघाडासाठी चुंबकीय नेव्हिगेशन १९९०च्या दशकापासून वापरात आहे, आणि एक्स-रेचा वापर अगदी नगण्यावर आणता येतो. पण तिथे कॅथेटर आतल्या भिंतींना स्पर्श करत स्वतःचा नकाशा त्याच वेळी बनवतं. इथे कापडी ग्राफ्ट उघडायचा असतो. तो नीट उघडला का, कडेने रक्त झिरपतंय का, हे टोकाचा सेन्सर सांगू शकत नाही. ते पाहायला डाय सोडून चित्र घ्यावंच लागतं. किरणं आणि डाय दोन्ही कमी होऊ शकतात, आणि शिशाचे एप्रन घालून तासन् तास उभ्या राहणाऱ्यांसाठी हे काही थोडं नाही.

शस्त्रक्रिया इतिहासजमा? ‘ईव्हीएआर-१’ या ब्रिटिश चाचणीत पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू ग्राफ्टच्या गटात १.७ टक्के, खुल्या शस्त्रक्रियेच्या गटात ४.७ टक्के होते. पण पुढे ही आघाडी विरली, आणि आठ वर्षांनंतर ग्राफ्टच्या गटात मृत्यू जास्त दिसले.

आता ती ‘चिप’. कॅथेटरची जाडी ‘फ्रेंच’ या एककात मोजतात; सहा फ्रेंच म्हणजे २ मिलिमीटर बाहेरचा व्यास. आतून ०.०३५ इंचांची, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरची वायर सरकली पाहिजे. उरलेल्या भिंतीत आतला निसरडा थर, पीळ पोचवणारी पोलादी जाळी आणि बाहेरचं प्लास्टिक. टोक वळवायचं तर ओढतारही तिथेच. यात वेटोळं आणि त्याच्या तारा कुठे घालणार? जाळी विरळ केली तर मूठ फिरते, टोक फिरत नाही. भिंत जाड केली तर नळी धमनीत अवघडते. त्यातून एक वेटोळं पुरत नाही: टोक स्वतःभोवती किती फिरलंय हे एकाने कळत नाही, त्याला तिरकं दुसरं लागतं.

आणि हे फिरणं कळणं जिथे सर्वांत जास्त गरजेचं, ते काम मेसेजमध्ये नाहीच. फुगवटा मूत्रपिंडाच्या धमनीला भिडलेला असेल, तर काही वेळा ग्राफ्टने तिचं तोंड आधी झाकलं जातं आणि मग आतून लेझरने किंवा सुईने कापडाला बरोबर तिथेच भोक पाडावं लागतं. तोवर त्या मूत्रपिंडाचं रक्त अडलेलं असतं. कापडाआडच्या धमनीत आतून सोडलेली डाय शिरत नाही, म्हणून पडद्यावर तिचं तोंड उमटत नाही. टोक कापडाला काटकोनात टेकलंय का, हे त्या दोन वेटोळ्यांवरून ताडायचं असतं.