पिवळा दिवा लागला म्हणजे स्टिअरिंगची मोटर गेली?

खानदेशातल्या गाडीवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: "स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागून स्टिअरिंग जड झालं, की मोटर गेली समजा. स्पीडोमीटरचा काटा चालतोय म्हणजे स्पीड सेन्सर चांगला. बॅटरीची वायर काढून लावा, दिवा जातो." यातलं एकही वाक्य टिकत नाही, आणि पहिल्यावर विश्वास ठेवणाऱ्याला धडधाकट मोटर बदलण्याचा भुर्दंड बसतो.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये स्टिअरिंग फिरवायला मोटर मदत करते. तिने किती जोर लावायचा हे कंट्रोल युनिट (स्टिअरिंगचा छोटा कॉम्प्युटर) हाताचा जोर आणि गाडीचा वेग पाहून ठरवतं. पार्किंगला मदत जास्त, हायवेला कमी. वेग कळेनासा झाला की बनावटीनुसार ते मदत एकाच पातळीवर धरून ठेवतं किंवा तोडतं. म्हणून उभ्या गाडीत आणि ७० च्या वेगात स्टिअरिंग सारखंच लागत असेल, तर आधी वेगाच्या सिग्नलवर संशय घ्या. त्याआधी टायरची हवा बघा, आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात का तेही.

काट्याचा दाखला तर अगदीच फसवा. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सवरच्या सेन्सरपासून काट्याला आणि स्टिअरिंगला वेगळ्या फांद्या जातात. एक तुटली तरी दुसरी चालते. एबीएसवाल्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) बहुतेक गाड्यांत चाकांचे सेन्सर एबीएसला वेग कळवतात आणि तिथून तो कॅन लाइनवर, म्हणजे कंट्रोल युनिटं एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींवर, जातो. त्यामुळे स्कॅनर (गाडीतले कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) इंजिनच्या नव्हे, स्टिअरिंगच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कंट्रोल युनिटमध्ये उघडा. गाडी ३० ने चालवा, आकडा शेजारच्याने वाचायचा. एबीएसमध्ये ३० आणि स्टिअरिंगमध्ये शून्य दिसला, तर दोष बहुधा मधल्या लाइनीत. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतात त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये बहुतेक गाड्यांत ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर लाइन कुठेतरी तुटली आहे.

स्कॅनरवर एकाच चाकाच्या वेगाचा आकडा उड्या मारत असेल तर ते चाक उघडा. आपल्याकडची काळी माती सेन्सरभोवती घट्ट बसते. कपलर (वायरींचा जोड) सोडून पिनांवर हिरवट गंज आहे का बघा. शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही पाहा. बेअरिंग बदलल्यानंतर बिघाड आला असेल, तर बेअरिंगवरची, सेन्सर वाचतो ती चुंबकी रिंग उलटी बसली असण्याची शक्यता मोठी: टाचणी जिथे चिकटते ती बाजू सेन्सरकडे हवी.

गिअरबॉक्सचा तीन वायरींचा सेन्सर तपासताना मागच्या चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा पाचर) लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल ठेवा आणि पुढचं एक चाक जॅकवर घ्या. कपलर जोडलेलाच ठेवून मागून मल्टिमीटरची पिन घाला, इग्निशन ऑन करून चाक हाताने सावकाश फिरवा. सिग्नल शून्याजवळून ५ किंवा १२ व्होल्टपर्यंत वर-खाली व्हायला हवा. इथे बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, सेन्सर जळू शकतो.

बॅटरीची वायर काढल्याने कोड (बिघाडाची नोंद) पुसला गेला आणि दिवा थोडा वेळ गेला, तरी तुटलेली वायर जुळणार नाही. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना मदत अचानक तुटली तर वळणावर स्टिअरिंग एकदम जड होतं. पण स्टिअरिंगचा दांडा चाकांना जोडलेलाच असतो. दोन्ही हातांनी जोर लावा, वेग कमी करा, मोकळ्या जागी गाडी बाजूला घ्या.