मतपत्रिकेच्या मागच्या बाजूची नावं

शिवाजीनगर कोर्टात वकिली करणाऱ्या माझ्या मावसभावाचा एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मला इथे अमेरिकेत मेसेज आला. "तुमच्याकडे न्यायाधीश प्रचार करतात? मतं मागत फिरतात?" सोबत इलॉन मस्कचा फोटो, डोक्यावर चीजच्या तुकड्यासारखी पिवळी टोपी. उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, इथेच टाकावं.

हो दादा, करतात. पण ते विस्कॉन्सिनमध्ये. इथे प्रत्येक राज्याचं स्वतःचं सुप्रीम कोर्ट असतं, साधारण आपल्या हायकोर्टाच्या जागी, आणि त्यावर माणूस कसा बसवायचा हे ज्याचं त्याने ठरवलंय. र्‍होड आयलंडमध्ये नेमणूक तहहयात. व्हर्जिनियात विधिमंडळ निवडतं. टेक्ससमध्ये न्यायाधीश सरळ पक्षाच्या नावावर लढतात. विस्कॉन्सिनमध्ये मतपत्रिकेवर पक्ष नसतो, पण कोण कुणाचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. १ एप्रिलला तिथे एका जागेसाठी, फक्त एका, मतदान झालं आणि दोन्ही बाजूंचा मिळून १० कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. मस्कने ग्रीन बेमध्ये स्टेजवर दोन मतदारांना दहा-दहा लाख डॉलरचे चेक दिले. त्याचा उमेदवार ब्रॅड शिमेल तरीही पडला, सुझन क्रॉफर्ड दहा वर्षांसाठी निवडून आल्या. मस्क हरला म्हणून माझ्या ओळखीतले बरेच जण खूश होते. मला त्यात खूश होण्यासारखं फारसं दिसलं नाही. जिंकलेल्या बाजूनेही पोत्याने पैसा ओतलाच होता.

मी राहतो मिसूरीत, सेंट लुइसच्या पश्चिमेकडच्या उपनगरात. नागरिकत्व मिळाल्यावर पहिलं मतदान नोव्हेंबर २०२४ मध्ये केलं. आदल्या रविवारी मी आणि बायको नमुना मतपत्रिकेची प्रिंट काढून डायनिंग टेबलावर बसलो. मध्ये चहा आणि चकल्यांचा डबा, दिवाळी संपत आली होती. पुढच्या बाजूला राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, गव्हर्नर, सगळी ओळखीची मंडळी. मागे वळलो तर न्यायाधीशांची यादी. समोर ना विरोधक, ना पक्ष. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न: यांना पदावर कायम ठेवावं का? हो किंवा नाही. सगळ्यात वर राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या दोघी, केली ब्रोनिएक आणि जिंजर गूच. खाली कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टातली भली मोठी रांग.

या पद्धतीचं नावच मुळी 'मिसूरी प्लॅन'. १९३० च्या दशकात मिसूरीतल्याच कॅन्सस सिटीत टॉम पेंडरगास्ट नावाचा एक 'साहेब' होता. कंत्राटं, नोकऱ्या, मतं, सगळं त्याच्या मुठीत, आणि न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर निवडून येत असल्यामुळे कोर्टापर्यंतही त्याचा हात पोचायचा. १९३९ मध्ये तो आयकर बुडवल्याबद्दल तुरुंगात गेला आणि १९४० मध्ये लोकांनी सह्या गोळा करून, मतदान घेऊन, पद्धतच बदलली. आता सुप्रीम कोर्टातली जागा रिकामी झाली की सात जणांचं मंडळ अर्ज मागवतं. सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश, वकिलांनी निवडलेले तीन वकील आणि गव्हर्नरने नेमलेले तीन साधे नागरिक. हे सात जण मिळून तीन नावं पाठवतात, गव्हर्नर ६० दिवसांत त्यातलं एक उचलतो. नाही उचललं तर मंडळच उचलतं. निदान वर्षभर काम झालं की पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत तो हो-नाहीचा प्रश्न येतो. हो आलं की बारा वर्षं निर्धास्त, मात्र सत्तरीला घरी.

मावसभावाला सगळ्यात नवल कशाचं वाटलं असेल तर उमेदवारांच्या मुलाखती लोकांसमोर होतात याचं. तो म्हणाला, "आमच्याकडे हायकोर्टासाठी कुणाचं नाव गेलं हे आम्हाला चहाच्या टपरीवर कळतं, तेही अर्धं खोटं." कॉलेजियम म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायचे. २०१४ मध्ये संसदेने त्याऐवजी सहा जणांचा आयोग आणला, त्यात कायदामंत्री आणि दोन मान्यवर नागरिक होते. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ असा तो रद्द केला. कारण काय, तर नेमणुकीत शेवटचा शब्द न्यायाधीशांचा राहत नाही. इथल्या मंडळात सातांत न्यायाधीश एकच, आणि १९४० पासून आभाळ कोसळलेलं नाही. कायदामंत्र्याला त्या खोलीत बसवायला माझाही विरोध आहे. पण खोलीचं दार इतकं घट्ट लावायची गरज होती का?

तर डायनिंग टेबलावर भांडण झालं ते ब्रोनिएक आणि गूच यांच्यावरून. त्याच मतपत्रिकेवर गर्भपाताच्या हक्काची घटनादुरुस्ती होती, तिसऱ्या क्रमांकाची. ती मतपत्रिकेवर ठेवायची की काढायची हा वाद सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टात गेला आणि ४ विरुद्ध ३ असा निकाल लागून ती राहिली. विरोधातल्या तिघांत या दोघी. बायको म्हणाली, "यांचं चाललं असतं तर मला या प्रश्नावर मतच देता आलं नसतं. मी 'नाही' असंच लिहिणार."

मलाही तो विरोध पटला नव्हता. तरी मी दोघींना हो दिलं. माझं म्हणणं असं की एका निकालावर न्यायाधीश घालवायची सवय लागली की उद्या तीच काठी दुसऱ्याच्या हातात जाते. मी तिला आयोवाची गोष्ट सांगितली, आमच्या उत्तरेचं शेजारी राज्य. २००९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने, सातही जणांनी, समलिंगी विवाहाला परवानगी दिली. २०१० मध्ये त्यातल्या तिघांची नावं मतपत्रिकेवर आली. बाहेरून पैसा आला, बस घेऊन प्रचार झाला आणि तिघेही घरी गेले. निकाल ज्यांनी लिहिला ते मार्क केडी मात्र त्या वर्षी मतपत्रिकेवर नव्हते. २०१६ मध्ये त्यांची पाळी आली तेव्हा राग विझला होता आणि ते आरामात कायम झाले. लिहिणारा वाचला, सही करणारे गेले. आपल्या भाषेत, चोर सोडून संन्याशाला फाशी. चोरी झालीच नव्हती ही गोष्ट वेगळी.

यावर ती म्हणाली, "मग 'नाही'चा रकाना छापलाय कशाला? शोभेला?"

याचं चोख उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. लाचखोर, आळशी, अशिलांवर खेकसणाऱ्या न्यायाधीशासाठी तो रकाना आहे, असं मी म्हणालो. पण मिसूरीत १९४० पासून सुप्रीम कोर्टाचा एकही न्यायाधीश या मतदानात पडलेला नाही. म्हणजे एकतर सगळे सज्जन, नाहीतर कुणी मागची बाजू वाचतच नाही. दुसरी शक्यता दाट.

शेजारच्या कॅन्ससमध्ये तर आता उलटं वारं आहे. तिथे न्यायाधीश थेट निवडून द्यायचे का, यावर ऑगस्ट २०२६ मध्ये मतदान घ्यायचं ठरलं. कॅन्ससवाल्यांनी मंडळाची पद्धत का आणली होती ते तरी आठवावं. १९५६ मध्ये गव्हर्नर फ्रेड हॉल पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीतच हरले. मुदत संपता संपता मुख्य न्यायाधीशांनी राजीनामा दिला, मग हॉलनी दिला, उपगव्हर्नर काही दिवसांपुरते गव्हर्नर झाले आणि त्यांनी हॉलना सुप्रीम कोर्टावर नेमून टाकलं. ही संगीत खुर्ची बघून लोक इतके चिडले की १९५८ मध्ये त्यांनी पद्धत बदलली. आता विस्कॉन्सिनचा बाजार समोर दिसत असताना तिकडेच जायचं म्हणतायत. मिसूरीतही २०१२ मध्ये मंडळावर गव्हर्नरची पकड वाढवायचा प्रस्ताव आला होता. तीन चतुर्थांश मतदारांनी फेटाळला. 'वकिलांची टोळी न्यायाधीश ठरवते' ही ओरड मात्र चालूच असते, आणि ती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

निकाल लागला. घटनादुरुस्ती सुमारे ५२ टक्क्यांनी निसटती पास झाली. ब्रोनिएक आणि गूच दोघीही सहज कायम झाल्या. आमची दोघांची मतं एकमेकांना खाऊन गेली होती.

मतदान करून आलो त्या संध्याकाळी ती प्रिंट फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेली होती. बायको भाजी काढायला फ्रिजपाशी गेली आणि मागची बाजू पलटून बघायला लागली. "या खालच्या सगळ्यांना हो दिलंस?"

"हो."

"यातल्या एकाचा तरी एखादा निकाल वाचलायस?"

नव्हता वाचला.

"मी निदान एक वाचला होता," ती म्हणाली, आणि दुधीभोपळा घेऊन ओट्याकडे गेली.