आज्ञा आधी की विश्वास आधी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंधरा दिवस एकच वाद चाललाय. काका म्हणतात तारण, म्हणजे पापातून सुटका, फक्त विश्वासाने, कर्मांचा त्यात काही वाटा नाही. आत्या म्हणते मग देवाच्या आज्ञा पाळायच्या कशाला, 'प्रभू, प्रभू' म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही असं येशूनेच सांगितलंय ना (मत्तय 7:21). दोघंही मनापासून बोलतायत, आणि मी इकडे जर्मनीत नाइट शिफ्ट संपवून सगळं वाचते.

मला दोघांचंही अर्धंच पटतं. काका बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रातलं इफिस 2:8-9 टाकतात, कृपेने तारण, कर्मांनी नाही, पण पुढचं दहावं वचन कधीच टाकत नाहीत, जिथे पौल लगेच म्हणतो की आपल्याला सत्कृत्यांसाठीच निर्माण केलंय. आत्याचं आवडतं याकोबाच्या पत्राचा 2 रा अध्याय, त्यात अब्राहाम कर्मांनी नीतिमान ठरला. पण रोम 4 मध्ये पौलही अब्राहामच घेतो की! फक्त पौलाचा अब्राहाम उत्पत्ती 15 मधला आहे, देवाने तारे दाखवून तितकी संतती देण्याचं अभिवचन दिलं आणि त्याने विश्वास ठेवला, तेव्हा सुंता नाही, मुलगा इसहाक जन्मलेला नाही, हातात काहीच नाही. याकोबाचा अब्राहाम उत्पत्ती 22 मधला, देवाने सांगितलं म्हणून त्याच इसहाकाला बळी द्यायला वेदीवर ठेवणारा, मधे कित्येक वर्षं गेलेली. माणूस तोच, विश्वासही तोच. वेदीपर्यंत तो पोचला कारण आधी ताऱ्यांखाली हो म्हणाला होता, हा क्रम उलटा केला की आज्ञापालन म्हणजे तारणाची किंमत होऊन बसते, आणि मग क्रूस कशाला हवा होता?

मी राहते त्या देशात याच प्रश्नावरून चर्च फुटलं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1522 च्या जर्मन भाषांतरात रोम 3:28 मध्ये 'विश्वासाने'च्या आधी 'फक्त' हा शब्द घातला, मूळ ग्रीकमध्ये तो नाही, आणि याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं. 1547 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने उलट उत्तर दिलं. पुढे साडेचारशे वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1999 ला, ऑग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन (ल्यूथरच्या परंपरेतले) दोघांनी मिळून सही केली, की देव आपल्याला कृपेनेच स्वीकारतो, आपल्या लायकीमुळे नाही, आणि तोच आत्मा देऊन सत्कृत्यांसाठी तयार करतो. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण एवढं तरी एकत्र म्हणाले. ग्रुपवर एवढंही होत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

मागच्या हिवाळ्यात वॉर्डात एक आजोबा होते, दिवस मोजकेच उरलेले. आयुष्यभर देवाला टाळलं आता काय उपयोग असं म्हणायचे, मी त्यांना येशूबरोबर क्रूसावर असलेल्या चोराची गोष्ट वाचून दाखवली, लूक 23, त्याला काही करून दाखवायला वेळच नव्हता. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले माझ्यासाठी पण असेल तर असू दे. दुसऱ्या रात्री स्वतःहून म्हणाले भावाला पत्र लिहायचंय, वीस वर्षं बोलणं नव्हतं. मी किंवा कोणीही सांगितलं नव्हतं हो त्यांना, क्षमा माग म्हणून. हातात पेन धरवत नव्हतं म्हणून मी लिहिलं, गावाचं नाव चुकलं तर त्यांनी एकेक अक्षर सांगून दुरुस्त करून घेतलं. खाली सही मात्र स्वतः केली, वाकडी, अर्धी ओळीच्या खाली गेलेली. सकाळी घरी जाताना मी ते पेटीत टाकलं.