नाशिकला हवापालटाला या, येताना कफ सिरप घेऊन या

परवा माझी मावसबहीण डोंबिवलीहून पोराला घेऊन चार दिवस हवापालटाला आली होती. मुंबईकडच्या धुरातून जरा सुटका म्हणून. तिसऱ्या रात्री पोराला नेब्युलायझर लावावा लागला आणि चौथ्या दिवशी ती परत गेली, डोंबिवलीला, मोकळा श्वास घ्यायला! तेव्हाच ठरवलं की यंदा थंडीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी चार उपयोगी गोष्टी लिहून ठेवायच्या.

तर सकाळी साडेसहाला उठून गंगापूर रोडला जायचं. समोर पांढरंपांढरं दिसेल त्याला धुकं म्हणायचं. धुक्याला जळक्या प्लास्टिकचा वास कसा काय, असले प्रश्न काढायचे नाहीत. फोटो काढायचा, 'मिनी महाबळेश्वर' लिहायचं, फॅमिली ग्रुपवर टाकायचा.

प्राणायाम पहाटेच करा, दुपारी मजा नाही. थंडीत रात्री जमीन गार पडते, तिच्या लगतची हवा गार आणि वरची त्यामानाने गरम, म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं, आदल्या दिवसाची धूळ, गाड्यांचा धूर सगळं खालीच कोंडून राहतं आणि ऊन चढल्याशिवाय उठत नाही. पहाटे सगळा माल घट्ट मिळतो, दुपारी पातळ होतो.

वाऱ्याची वाट बघू नका. खारे वारे, मतलई वारे शाळेत पाठ केले होते ना? मुंबईला निदान दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि थोडं तरी झाडून जातो (थंडीत तो मंदावला की त्यांचीही बोंब असतेच म्हणा). आपल्याकडे गोदावरी आहे. तिच्यावरून जे येतं त्याला वारा म्हणत नाहीत.

मास्क लावू नका, लोक विचारतात, "काय ताई, कोरोना संपला नाही का अजून?"

मोबाईलवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, १६० दिसला तर घाबरायचं नाही. १०१ ते २०० ला आपल्या सरकारी तक्त्यात 'मध्यम' म्हणतात. मध्यम, म्हणजे मिसळ सांगतो तसं. पीएम २.५ म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, त्यांची २४ तासांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम, आपली ६०. आपली फुप्फुसं चौपट दणकट, साधा हिशोब आहे.

सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, त्याच्या कामांच्या धुळीचा प्रसाद आत्तापासून मिळतोय. नाही म्हणू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाला. पाला जाळायलाच हवा. आमच्या कॉलनीत एक काका आहेत, रिटायर्ड, रोज पहाटे बदामाची पानं खराट्याने गोळा करतात, इथपर्यंत कौतुकच आहे. मग त्या ढिगात दुधाच्या पिशव्या, पुड्या, रात्रीच्या बर्थडेच्या थर्माकोलच्या प्लेटा, आणि सव्वासहाला काडी. ओला पाला, पेटत नाही धड, दोन तास नुसता धुमसतो, आणि तो धूर सरळ माझ्या गॅलरीतून आत, जिथे ते पोर झोपलं होतं. मी खाली गेले, म्हटलं, "काका, जरा..." तर म्हणे, "अगं, डास जातात त्याने." म्हटलं, उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादाने २०१६ मध्येच पाच हजार दंड सांगितलाय. "मग भर ना तू," म्हणे, आणि हात शेकत उभे. ॲपवर तक्रार टाकली, फोटोसकट. दुपारी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे'. राख गरम होती हो अजून! निफाडला पारा उतरला की शेतकरी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, त्याला निदान घड वाचवायचे असतात, वर्षाचं पीक असतं त्याचं. तुमचं कुठलं पीक जळतंय काका त्या बदामाखाली?

घंटागाडीवाले पाला घेत नाहीत, माहितीये. मला पण नाही घेत. म्हणून जाळायचा? मागे कॉमन प्लॉट रिकामा पडलाय, दोन फूट खड्डा केला तर वर्षभराचा पाला जिरेल त्यात, पण त्याला चार माणसं लागतात आणि मीटिंगला येतात दोघं, त्यातलं एक पार्किंगसाठी भांडायला. वर 'आपलं नाशिक काय राहिलं नाही हो पूर्वीसारखं' म्हणणारेही तुम्हीच. कोणी घालवलं मग? बाहेरून येऊन घालवलं का कोणी? लाज वाटत नाही का, आठ वर्षांचं पोर रात्रभर खोकतंय आणि तुम्ही धुक्याचे फोटो टाकताय?

आणि काका, हे तुम्ही वाचणार, ठाऊक आहे मला, ग्रुपवर पहिला अंगठा तुमचाच असतो. उद्या काडेपेटी घरीच ठेवा. पोती मी आणून देते, सहाला खाली येते.