ऊन, केळी आणि दीड लाखाचा फोन: शिरपूरच्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ,

ॲपलचा आयफोन १७ प्रो मॅक्स आणि सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा यांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे आकडे दिले नाहीत, डिझाइन चार ओळींत उरकलं, झूमबद्दल पुरेसं लिहिलं नाही, एस पेनबद्दल (सॅमसंगच्या स्क्रीनवर लिहायच्या पेनाबद्दल) चुकीचं लिहिलं आणि निम्मा लेख ऊन नि केळीच्या बागेवर घालवला. "सव्वा-दीड लाखाचा फोन घेणारा माणूस एसीत बसतो, बांधावर नाही," हे तुमचं वाक्य. आणि शेवटी, "तुमना रिव्ह्यू वाचीसनी डोकं फिरनं. घ्यायचा कोणता ते सांगा." ती अहिराणी ओळ वाचून घरचंच माणूस रागावल्यासारखं वाटलं. तुम्ही मूळचे शिरपूरचे, नोकरीला पुण्यात, वडील गावी शेती बघतात, हेही तुम्हीच लिहिलंय. तो धागा मला पुढे लागणार आहे.

आधी माझी चूक. एस पेनचं बटण दाबून लांबून फोटो काढता येतो, असं मी लिहिलं होतं. एस२४ अल्ट्रापर्यंत ते खरं होतं. एस२५ अल्ट्राच्या पेनातून सॅमसंगने ब्लूटूथ काढलं, त्यामुळे ती सोय गेली. लिहायला, खुणा करायला, सही करायला पेन पूर्वीसारखाच चालतो. मी जुन्या टिपणांवरून लिहिलं आणि पुन्हा तपासलं नाही. ती ओळ आज दुरुस्त केली. मनापासून आभार.

आता डिझाइन. चार ओळी कमीच होत्या, हे मान्य. पण मी ऊन म्हणून जे लिहिलं, त्यातलं बरंचसं डिझाइनबद्दलच होतं, आणि ते नीट उलगडून सांगायला मी कमी पडलो. हे बघा, ॲपलने २०२३ मध्ये १५ प्रोला टायटॅनियम आणलं, २०२४ मध्ये १६ प्रोलाही तेच ठेवलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १७ प्रोला ते सोडून पुन्हा ॲल्युमिनियमवर आले. महाग धातू सोडून स्वस्त धातू घेतला म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. पण टायटॅनियम उष्णता फार सावकाश वाहून नेतो. नवं ॲल्युमिनियम त्याच्या वीसपट उष्णता वाहून नेतं, असं ॲपलचंच सांगणं आहे. शिवाय आत व्हेपर चेंबर बसवलाय. म्हणजे एक चपटी, बंद डबी आणि तिच्यात थोडंसं पाणी. चिप तापली की त्या पाण्याची वाफ होते, वाफ थंड बाजूला सरकते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि माघारी येते. ही उष्णता मग ॲल्युमिनियमच्या सगळ्या अंगावर पसरते. सॅमसंगने टायटॅनियमची चौकट कायम ठेवली आणि आतला व्हेपर चेंबर आधीच्या मॉडेलपेक्षा ४० टक्के मोठा केला. दोघांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं शोधली आहेत. ॲल्युमिनियम मऊ, पडला तर पोचा येणार. टायटॅनियम कणखर. एस२५ अल्ट्रा २१८ ग्रॅमचा आहे, आयफोन त्याहून जड. हातात धरायला मला सॅमसंग आवडला. तापमानाचा विचार केला तर आयफोनची रचना जास्त पटली.

तुम्ही म्हणाल, पुन्हा तापमानच. हो भाऊ, कारण ॲपल आणि सॅमसंग दोघंही आपल्या फोनसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगतात. आपल्याकडे मार्चमध्येच दुपारचं तापमान ३५ ओलांडतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे कंपनीने आखलेल्या रेघेच्या दहा अंश पलीकडे आपण रोज फोन वापरतो.

हे मला एका दुपारी चांगलंच कळलं. सावद्याजवळ माझ्या मेव्हण्याच्या केळीची कापणी होती. सकाळपासून मजूर घड वाहत होते, दीडच्या सुमाराला गाडी भरून काट्यावर लागली. माझ्याकडे तेव्हाचा माझा महागडा फोन होता. कंपनीचं नाव घेत नाही. तासभर तो ट्रकच्या केबिनमध्ये चार्जिंगला लावला होता. काट्याच्या पावतीचा फोटो व्यापाऱ्याला लगेच पाठवायचा होता. फोन हातात घेतला तर स्क्रीनवर एवढीच सूचना, की थंड झाल्याशिवाय वापरता येणार नाही. कॅमेरा उघडेना, व्हॉट्सॲप उघडेना. पावती मेव्हण्याच्या हातात, घामाने तिच्यावरचे आकडे पसरत चाललेले. शेवटी त्याने काटेवाल्याकडून पेन मागून घेतलं आणि वजन तळहातावर लिहून ठेवलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. फोन निंबाच्या सावलीत ठेवला, कव्हर काढलं, तेव्हा कुठे वीसेक मिनिटांनी तो सुरू झाला. तोवर एका मजुराच्या साध्या फोनवरून व्यापाऱ्याला आकडा कळवून झाला होता. मेव्हणा मला काही बोलला नाही, पण त्याच्या तळहातावरचे ते निळे आकडे मी विसरलेलो नाही.

बेंचमार्क मी टाळले ते यामुळेच. आयफोनची ए१९ प्रो आणि सॅमसंगची स्नॅपड्रॅगन ८ एलिट, दोन्ही चिप इतक्या वेगवान आहेत की रोजच्या कामात फरक जाणवत नाही. बेंचमार्कचा आकडा बहुतेकदा गार खोलीतला, पहिल्या काही मिनिटांचा असतो. चिप तापली की स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करते. विसाव्या मिनिटाला, ४३ अंशांत ती काय करते, हे त्या आकड्यात दिसत नाही.

स्क्रीनबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण आपल्या भागात माझ्या मते सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो. उन्हात आयफोन १७ प्रो ३००० निट्सपर्यंत (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) उजळतो, एस२५ अल्ट्रा २६०० पर्यंत. आकड्यात आयफोन पुढे. पण सॅमसंगच्या गोरिल्ला आर्मर काचेचं खरं कौशल्य प्रतिबिंब कमी करण्यात आहे. केळीच्या पानावर कुकुंबर मोझॅक रोगाचे पिवळे पट्टे दिसतात, त्याचा फोटो सहायक कृषी अधिकाऱ्याला पाठवायचा असतो. अशा वेळी स्क्रीनमध्ये स्वतःचं तोंड आणि आभाळ दिसत राहिलं, तर फोकस कुठे लागलाय ते कळतच नाही. ॲपलनेही १७ प्रोच्या काचेवर प्रतिबिंब कमी करणारा थर दिलाय, तरी उन्हातल्या वाचनासाठी माझी पसंती सॅमसंगला. आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. फोन घेतला की दुकानातच आपण टेम्पर्ड ग्लास चिकटवून घेतो. साधी काच चिकटवली की हा सगळा गुण तिच्याखाली झाकला जातो आणि वरून पुन्हा आरसा तयार होतो. काच लावायचीच असेल तर प्रतिबिंब रोखणारीच मागा, नाहीतर लावू नका.

झूमची तुमची तक्रार रास्त आहे. सॅमसंगला ३ पट आणि ५ पट असे दोन वेगळे टेलिफोटो कॅमेरे, आयफोनला ४८ मेगापिक्सेलचा एकच, ४ पटीचा. लांबचा फोटो हवा तर सॅमसंग, व्हिडिओ हवा तर आयफोन. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं मला त्यात सापडलं नाही.

कॅमेऱ्याचं दुसरं एक दुखणं मात्र आपल्याकडे घरोघरी आहे. मोटारसायकलच्या हँडलला होल्डर लावून त्यात फोन अडकवायचा आणि शिरपूर ते धुळे जायचं. कॅमेऱ्यातलं भिंग हात हलला तरी स्थिर राहावं म्हणून आत बारीक यंत्रणा असते. मोठ्या इंजिनाची सततची थरथर तिला बिघडवू शकते, अशी सूचना ॲपलने २०२१ मध्येच दिली आहे. भिंगाची अशी यंत्रणा सॅमसंगमध्येही आहे. फोन खिशात ठेवा, रस्ता कानात ऐका.

सॉफ्टवेअरकडे येतो. सॅमसंगने एस२५ ला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय, म्हणजे २०३२ पर्यंत. ॲपल असा आकडा जाहिरातीत सांगत नाही, पण २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ मध्ये आयओएस २६ मिळालं. दोघांवरही विसंबायला हरकत नाही. मराठीत मेनू सॅमसंगमध्ये आधीपासून होता, आयफोनला तो २०२५ मध्ये आयओएस १८.४ पासून आला. उशिरा आला, पण आला, याचा मला आनंद आहे. कॉल रेकॉर्डिंगही आता दोघांत आहे. आयफोन ते सुरू करताना दोन्हीकडे आवाजात सूचना देतो. फोनवर भाव ठरवणाऱ्या आपल्या केळी उत्पादकांना ही गोष्ट माहीत असायला हवी.

आणि सिमकार्ड. याबद्दल कुठेच लिहिलं जात नाही. एस२५ अल्ट्रात दोन कार्डं बसतात. आपल्याकडे मिळणाऱ्या आयफोन १७ प्रो मॅक्समध्ये एक कार्ड, दुसरा नंबर ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या, काढता न येणाऱ्या सिमवर. पुण्यात काही फरक पडत नाही. गावी फोन बंद पडला की कार्ड काढून घरातल्या जुन्या फोनमध्ये टाकलं, मिनिटभरात बँकेचा ओटीपी यायला लागतो. ई-सिमचं तसं नाही. दुरुस्तीचंही तेच. ॲपलचं स्वतःचं दुकान तुमच्या पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये उघडलं. शिरपूरहून तिथे जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास.

तुमच्या त्या एसीच्या वाक्यावर माझा एवढाच आक्षेप आहे. फोन तुम्ही घेणार, एसीत वापरणार, हे खरंच. पण आपल्या घरात फोन एका माणसापाशी संपत नाही. तीन वर्षांनी तुम्ही नवीन घ्याल तेव्हा हाच फोन शिरपूरला वडिलांकडे जाईल. माझ्याही वडिलांनी स्वतःसाठी फोन कधी विकत घेतला नाही, माझे जुनेच वापरले. सात वर्षांच्या अपडेटमधली शेवटची चार वर्षं मेच्या उन्हात, बांधावर, थकलेल्या बॅटरीवर जाणार असतात. मी तुलना करतो ती त्या दुसऱ्या माणसालाही डोळ्यासमोर ठेवून.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फोन तुमच्याकडेच राहणार असेल आणि मुलांचे व्हिडिओ काढायचे असतील, तर आयफोन घ्या. बाजारात आला तेव्हा १,४९,९०० रुपये किंमत होती, पण व्हिडिओ आणि थंड राहण्याची रचना दोन्ही पटण्यासारखं आहे. पुढे तो वडिलांना द्यायचा असेल तर एस२५ अल्ट्रा, १,२९,९९९ ला आला होता. उन्हात वाचता येणारी स्क्रीन आणि दोन कार्डं त्यांच्या जास्त कामाची. देताना बॅटरी मात्र नवी टाकून द्या. उष्णतेने आधी तीच मरते.

दोन्हीपैकी काहीही घेतलंत, तरी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी याल तेव्हा दुपारी दोनला फोन घेऊन शेतात एक चक्कर मारा. वडिलांच्या हातात द्या, पानाचा एक फोटो काढायला सांगा, आणि त्यांना स्क्रीन नीट दिसली का ते मला कळवा. तुमचं उत्तर मी लेखात तुमच्याच शब्दांत टाकेन.