नियमितीकरण करावे, पण पाया पाहून

गुंठेवारीतील, म्हणजे शेताचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे करून विनापरवाना विकलेल्या प्लॉटवरील घरांचा विषय जळगाव-धुळ्याकडच्या आप्तांशी बोलताना हमखास निघतो आणि तारीख व शुल्क या दोनच मुद्द्यांवर थांबतो. कोणत्या तारखेपर्यंतची अशी घरे नियमित करता येतील, याची 2001 च्या गुंठेवारी कायद्यातील 1 जानेवारी 2001 ही मर्यादा 2021 मध्ये 31 डिसेंबर 2020 पर्यंत नेण्यात आली. आता ती आणखी पुढे सरकावी का, यावर वाद चालतो. ते घर राहण्यास सुरक्षित आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही.

मी राहतो त्या इंग्लंडमध्येही विनापरवाना बांधकामे होतात आणि त्यांना मागाहून मंजुरी मागता येते. येथे मंजुऱ्या दोन आहेत. नियोजनाची परवानगी शेजाऱ्याचा उजेड, रस्ता आणि परिसर पाहते. इमारत नियमांचा दाखला मजबुती, आगीपासूनचे संरक्षण आणि सांडपाण्याची व्यवस्था पाहतो. हा दाखला मागाहून मागणाऱ्याला निरीक्षक गिलावा फोडून तुळई दाखवायला, जमीन खणून पाया उघडा करायला सांगू शकतो आणि उणीव दूर झाल्याशिवाय दाखला देत नाही. नियोजनाच्या बाजूला मात्र दहा वर्षे कारवाई झाली नाही, तर बांधकामाला सहसा हात लावता येत नाही. ही तरतूद गप्प बसणाऱ्याला बक्षीस देते, म्हणून ती मला पटत नाही.

पाया उघडून पाहण्याची गरज खानदेशात अधिक आहे. तापीखोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर भिंतीही तिच्याबरोबर हलतात. हे तिथल्या प्रत्येक गवंड्याला ठाऊक असते. तरीही एका मजल्यासाठी घातलेल्या पायावर मुलाच्या लग्नाआधी दुसरा मजला चढतो. नियमितीकरणाच्या वेळी अशा घराचा पाया कोणी खणून पाहिल्याचे मी आजवर ऐकलेले नाही.

केवळ काळ लोटला किंवा पैसा खर्च झाला म्हणून अनधिकृत बांधकाम वैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सांगितले. तरीही सरसकट पाडकामाच्या मागणीला माझा विरोध आहे, कारण एनए (मंजूर बिगरशेती) ले-आउटमधला प्लॉट परवडत नाही म्हणूनच माणूस गुंठा घेतो, आणि घर पडते ते त्याचे. शेताचे तुकडे करून विकणारा तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. घरे नियमित करावीत, पण वरचा मजला चढलेल्या घरांची आधी स्थापत्य अभियंत्याकडून तपासणी व्हावी, तिचा खर्च प्रशमन शुल्कातून, म्हणजे नियमितीकरणासाठी घरमालक भरतो त्या रकमेतून भागवावा आणि जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापकांची त्यासाठी मदत घ्यावी.