बाहुल्या मोठ्या करून मिळतील

शुगर निघाल्यापासून आमचे डॉक्टर सांगतात की वर्षातून एकदा डोळ्यात बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकून आतला पडदा तपासून घ्यायचा, काही त्रास नसला तरी. म्हणजे त्रास नसेल तर मुद्दाम जाऊन करून घ्यायचा. पण त्यांचंही खरं आहे, डायबेटिसमुळे पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडायला लागल्या तरी सुरुवातीला आपल्याला काही म्हणजे काही कळत नाही, अक्षरं दिसत असतात, सिरीयल दिसत असते, शेजारणीने नवीन पडदे लावलेले दिसत असतात, आणि आत बिघाड चालू असतो. सो जायचं. आणि अपॉइंटमेंट मिळते ती पुण्यात, मे महिन्यात, दुपारी बाराची.

जाताना बरोबर माणूस न्यायचा असतो, कारण नंतर गाडी चालवायची नाही. स्कूटी तर नाहीच नाही. माणूस म्हणून घरात आमचे हे उपलब्ध होते.

आधी लांबचं-जवळचं वाचून घेतात, डोळ्याचं प्रेशर बघतात, मग ते हनुवटी टेकवायच्या मशीनवर डॉक्टर स्वतः डोकावतात. मला वाटायचं हा सगळा टाईमपास आहे, टाका की थेंब एकदाचे. तर तसं नसतं. काही लोकांच्या डोळ्यात पाण्याचा निचरा व्हायची जागा मुळातच अरुंद असते, तिथे बाहुली मोठी केली की निचरा तुंबून प्रेशर एकदम चढू शकतं, म्हणून ते आधी बघून घेतात. घरात कुणाला काचबिंदू असेल तर तेही आपणहून सांगायचं. बीपी आणि हार्टचंही सांगायचं, कारण या थेंबांमध्ये बऱ्याचदा दोन औषधं एकत्र असतात. ट्रॉपिकामाईड बाहुली आवळणाऱ्या स्नायूला गप्प बसवतं आणि फेनिलेफ्रिन बाहुली ओढून उघडणाऱ्याला कामाला लावतं, आणि हे दुसरं बीपी वाढवू शकतं. तुम्ही बोललात तर डॉक्टर त्याच्याशिवायचं निवडतात. आमच्याकडे मात्र लोक डोळ्याच्या दवाखान्यात बीपीचं कशाला सांगायचं म्हणून गप्प, आणि बाहेर बाकावर बसल्यावर अख्ख्या वेटिंग रूमला गुडघ्यापासून सगळं सांगतात.

मग सिस्टर येते. "वर बघा. अजून वर. काकू, छताकडे हो, माझ्याकडे नाही." खालची पापणी ओढली, टप्पकन एक थेंब, आणि असं काही झोंबलं की मला लग्नातला होमाचा धूर आठवला. "आता डोळे मिटून बसा, नाकाजवळचा कोपरा बोटाने जरा दाबून धरा." डोळ्याच्या त्या कोपऱ्यातून नाकात आणि तिथून घशात वाट जाते, म्हणून कोपरा एक-दोन मिनिटं दाबला की औषध डोळ्यात राहतं, अंगात कमी जातं. मी नीट दाबलं नव्हतं बहुतेक, कारण थोड्या वेळाने घशात कडू कारलं उतरलं.

खरा छळ थेंबांचा नाहीच. खरा छळ म्हणजे त्यानंतर अर्धा तास डोळे मिटून बसणं. मोबाईल नाही, पेपर नाही, समोरच्या बाईची साडी नाही. रांगेने सगळे असे बसलेले की कुणाला वाटावं विपश्यना चालू आहे. एक डोळा किलकिला केला की सिस्टर कुठूनतरी ओरडणार, "काकू, मिटा!" तिला बरोबर कळतं. आणि दर थोड्या वेळाने येऊन टॉर्च मारून बघणार, "अजून नाही उघडली," आणि परत एक थेंब. आपल्याकडे काळेभोर डोळे, त्यांच्यात औषधाला चढायला जरा जास्त वेळ लागतो म्हणे.

त्यात मिटलेल्या डोळ्यांनी बसलेला प्रत्येक माणूस पेशंटच असतो असं तिला वाटलं असणार. शेजारी आमचे हे एसीत मस्त घोरायच्या बेतात. तिने यांची हनुवटी वर केली, "वर बघा काका," आणि बाटली तिरपी केली तेव्हा हे जे दचकून उठले ते थेट उभेच. म्हणून सांगते, थेंब टाकायच्या आधी नाव विचारलं नाही तर आपण सांगावं, आणि बरोबर आलेल्याने जागं राहावं.

आत डॉक्टर डोक्यावर दिवा बांधून, हातात भिंग धरून, "उजवीकडे बघा, खाली बघा, नाकाकडे बघा," आणि तो उजेड असा की गेल्या जन्मीचं आठवेल. पडदा छान आहे म्हणाले. शुगर सांभाळा, पुढच्या वर्षी या. आणि जाता जाता, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, की थेंबांचा अंमल चार-सहा तासांत उतरेल, क्वचित दुसऱ्या दिवसापर्यंत राहील, पण डोळा भयंकर दुखला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली तर घरी बाम चोळत बसायचं नाही, लगेच यायचं.

हे थेंब काही नवीन प्रकरण नाही तसं. महाशिवरात्रीला धोतरा तोडून तेच हात डोळ्याला लागले की बाहुली अशीच मोठी होते, त्यात ॲट्रोपिनच्या कुळातलीच द्रव्यं असतात. फक्त तिथे डोस कुणी मोजलेला नसतो. माझी नणंद मात्र फोनवर विचारत होती, "उरले असतील तर आण गं, माझा डोळा लाल झालाय." अगं बाई!

बाहेर आलो तर ऊन नव्हतं, फ्लॅश होता सगळीकडे. गॉगल मी आणला होता, त्याचं श्रेय मला द्यायला हवं. पण जवळचं वाचणं बंद. भिंगाला आकार देणारा आतला स्नायूही सुस्तावलेला आणि बाहुली सताड उघडी, त्यामुळे चाळिशी लावली तरी अक्षरं फुगलेल्या साबुदाण्यासारखी. काउंटरवर बिल आलं ते मी ऐटीत यांच्या हातात दिलं, एवढ्यासाठीच तर माणूस आणलेला. यांनी खिसे चाचपले, शर्टाचा, पँटचा, परत शर्टाचा. चष्मा घरी, टीव्हीवर. मग बिल हातभर लांब धरलं, आणखी लांब, इतकं लांब की ते मागे रांगेत उभ्या आजोबांच्या नाकाशी गेलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांनी एका दमात सगळं वाचलं, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "थेंबांचे वेगळे लावलेत हो यांनी!"